पोलिओ गेला, पोलिओग्रस्तांचे काय?

२७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला होता. रविवारी सकाळी बूथवर लागलेल्या रांगा, बाळाच्या डाव्या करंगळीवरची शाईची खूण आणि घरोघर फिरणाऱ्या सेविका या साऱ्यांच्या परिश्रमाचे ते फळ होते. आपल्या अनेक व्यापारी संघटनांनी आणि मंडळांनीही या मोहिमेला हातभार लावला होता. त्याचा सार्थ अभिमान आपण बाळगला पाहिजे.

तथापि, एखादा रोग नाहीसा झाला म्हणजे त्याने ग्रासलेली माणसे नाहीशी होत नाहीत. आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ च्या अखेरीस. त्यापूर्वी दरवर्षी लाखाहून अधिक बालकांना या रोगाने पांगळे केले, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ती बालके आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांची झाली आहेत. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणच्या जुन्या पेठेत, डोंबिवलीच्या फडके रोडवर ती दुकाने चालवतात, हिशेब सांभाळतात, नातवंडांना खेळवतात. लहानपणीच्या आजाराशी त्यांनी कधीच तडजोड करून टाकली आहे. आता मात्र यांतील अनेकांना एक विचित्र अनुभव येऊ लागला आहे. तीस-चाळीस वर्षे ज्या पायाने साथ दिली तो पाय अचानक दगा देऊ लागतो. कधी तर जो पाय ‘चांगला’ म्हणून गणला होता, तोच थकू लागतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ म्हणतात. आपण तिला पोलिओ-पश्चात दुर्बलता म्हणू. हा पोलिओचा नवा हल्ला नव्हे, तो संसर्गजन्य नाही आणि घरातील मुलाबाळांना त्यापासून काहीही धोका नाही. पोलिओ होऊन गेलेल्या शंभर व्यक्तींपैकी साधारण २५ ते ४० जणांना पुढे ही अवस्था येते, असे मानले जाते. प्रमाण एवढे मोठे असूनही आपल्या कुटुंबांत तिचे नावही ठाऊक नसते. त्यामुळे अशा माणसाला त्याची घरची माणसे, आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा, ‘वय झाले’, ‘वजन वाढले’ किंवा ‘मनाने खचलात’ एवढेच सांगून मोकळे होतात. या लेखाचा हेतू हा गैरसमज दूर करण्याचा आहे.

मुंबईतील पोलिओचा जुना इतिहास

आपल्या परिसराचा आणि पोलिओचा संबंध जुना आहे. १९४९ च्या सुमारास मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत पोलिओच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभारले. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील हे केंद्र पुढे एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र म्हणून ओळखले गेले. त्याआधी, १९४७ मध्ये, श्रीमती फातेमा इस्माईल यांनी अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली होती. त्यांच्या स्वतःच्या कन्येला पोलिओ झाला होता. एका मातेच्या धडपडीतून हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. पुढे १९५५ मध्ये त्याच परिसरात केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. ठाणे-कल्याणकडील कितीतरी आईबाप आपल्या लेकरांना कडेवर घेऊन लोकलने दादरपर्यंत आणि पुढे हाजी अलीला जात असत.

त्या काळातील उपचारांचे सूत्र ठरलेले होते : शेक, मालिश, व्यायाम, कॅलिपर, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आणि या सर्वांच्या वर जिद्द. ‘चाल, आणखी चाल, काठी टाकून दे’ असे मुलांना सांगितले जाई. मुले तसे करीतही. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारे कर्करोगतज्ज्ञ पद्मभूषण डॉ. सुरेश अडवाणी यांना बालपणीच पोलिओ झाला होता. चाकाच्या खुर्चीवर असल्यामुळे त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळवतानाच झगडावे लागले होते. अशा जिद्दीची लहान-मोठी उदाहरणे आपल्या प्रत्येक समाजात आहेत. ती जिद्द योग्यच होती आणि तिच्यामुळेच ही माणसे आपल्या पायावर उभी राहिली. प्रश्न आहे तो पुढच्या काळाचा.

शरीराने काढलेली तोड

हे का घडते, ते समजून घेतले तर बाकीचे सारे सोपे होते. पोलिओचा विषाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो आणि आतड्यात वाढतो. बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही किंवा साधा ताप येऊन जातो. सुमारे दोनशेंत एखाद्याच्या बाबतीत तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. चेतापेशी गेली की तिच्या हुकमतीखालचे स्नायूतंतू निराधार होतात. हात वा पाय लुळा पडतो तो यामुळे.

परंतु निसर्ग हात बांधून बसत नाही. जिवंत राहिलेल्या चेतापेशी नव्या शाखा फोडतात आणि शेजारच्या निराधार तंतूंना आपल्या पंखाखाली घेतात. एक चेतापेशी आपल्या नेहमीच्या बोजाच्या कितीतरी पट तंतू सांभाळू लागते. त्यामुळे काही महिन्यांत गेलेली शक्ती बरीचशी परत येते आणि घरच्यांना वाटते, मूल बरे झाले. प्रत्यक्षात एखाद्या पेढीतील निम्मे कर्मचारी निघून गेले असून उरलेल्यांनी दुप्पट-तिप्पट काम अंगावर घेतले आहे, अशी ती स्थिती असते. बाहेरून पाहणाऱ्याला पेढी सुरळीत चाललेली दिसते. स्नायूच्या निम्म्याच्या आसपास चेतापेशी गेल्या असल्या तरी वरवरच्या तपासणीत तो स्नायू जवळजवळ नेहमीसारखाच भासू शकतो.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला येथे घसाऱ्याची आठवण होते. यंत्र रोज चालते म्हणून त्याचा घसारा थांबत नाही, आणि क्षमतेपेक्षा अधिक चालवलेल्या यंत्राचा घसारा अधिक वेगाने होतो. दशकानुदशके अतिरिक्त भार वाहणाऱ्या या चेतापेशींच्या शाखा हळूहळू झडू लागतात. शिवाय वयोमानानुसार प्रत्येकाच्याच काही चेतापेशी कमी होतात. ज्याच्याकडे राखीव साठा आहे त्याला ते जाणवत नाही, पण ज्याचा साठा बालपणीच संपला त्याला प्रत्येक तूट जाणवते. याचे नेमके कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. तरी अतिश्रमाने झिजलेल्या चेतापेशींचे हे स्पष्टीकरण सर्वाधिक मान्य आहे.

फ्रान्समधील वैद्यकीय लेखनात १८७५ मध्येच अशा रुग्णाचे वर्णन आढळते. पण त्याकडे गांभीर्याने पाहिले गेले ते शंभर वर्षांनी. अमेरिकेत १९४० आणि १९५० च्या दशकांतील मोठ्या साथींतून वाचलेली मुले १९८० च्या सुमारास मध्यमवयीन झाली आणि एकाच प्रकारच्या तक्रारी घेऊन दवाखान्यांत येऊ लागली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओग्रस्तांसाठी उभारलेल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथे १९८४ मध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या अभ्यासात पुढाकार घेणारे डॉ. लॉरो हॉल्स्टेड हे स्वतः पोलिओतून उठलेले होते. श्रीलंकेत स्थायिक झालेले विख्यात विज्ञानलेखक आर्थर क्लार्क यांना १९६२ मध्ये पोलिओ झाला आणि १९८८ मध्ये पोलिओ-पश्चात दुर्बलतेचे निदान झाले. त्यांची अखेरची अनेक वर्षे चाकाच्या खुर्चीवर गेली, पण लेखन थांबले नाही.

पाश्चात्त्य देशांत आता ही पिढी वृद्ध झाली आहे. आपल्याकडे लसीकरण उशिरा पोहोचल्यामुळे तिचा मोठा भाग आत्ता कुठे चाळिशी-पन्नाशीत पाऊल टाकत आहे. म्हणजे आपल्यापुढील हा प्रश्न सरत आलेला नसून पुढील वीस-तीस वर्षे टिकणारा आहे. दुसरीकडे, आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी पोलिओचा ताजा रुग्ण पाहिलेला नाही. यशस्वी लसीकरणाचाच हा एक अनपेक्षित परिणाम म्हणावा लागेल.

लक्षणे कोणती?

पोलिओनंतर प्रकृती किमान पंधरा वर्षे स्थिर राहिली आणि त्यानंतर पुढील तक्रारी सुरू होऊन वर्षभराहून अधिक काळ टिकल्या, तर या अवस्थेचा विचार करावा :

• पूर्वीच्या बाधित किंवा ‘चांगल्या’ हातापायात नव्याने येणारी अशक्तता, क्वचित स्नायू बारीक होणे.

• विश्रांतीने पुरती न जाणारी थकावट. सकाळी ठीक वाटते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास शरीर जणू बंद पडते.

• स्नायू आणि सांधे दुखणे. कुबडी वा काठी वापरणाऱ्यांचे खांदे आणि मनगटे विशेष दुखतात.

• थंडी सहन न होणे. वातानुकूलित दुकानात पाय गार व निळसर पडतो.

• झोपेत श्वास अडखळणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी येणे.

• घास वा पाणी गिळताना ठसका लागणे.

शेवटच्या दोन तक्रारी अंगावर काढू नयेत. बालपणी छातीच्या वा घशाच्या स्नायूंना बाधा झाली असेल, किंवा पाठीचा कणा वाकलेला असेल, तर श्वसनाची तपासणी आणि झोपेची चाचणी लवकर करून घ्यावी. रात्री मुखवट्याद्वारे श्वासाला आधार देणारे यंत्र अशा व्यक्तीचे आयुष्य बदलून टाकू शकते. मात्र घरच्या घरी ऑक्सिजनचा सिलिंडर लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. श्वसनाचे स्नायूच दुबळे असतील तर केवळ ऑक्सिजन देणे अपायकारकही ठरू शकते.

एवढा धोक्याचा इशारा दिल्यानंतर धीराची गोष्टही सांगितली पाहिजे. ही अवस्था सहसा फार मंद गतीने वाढते, मध्ये अनेक वर्षे स्थिरही राहते आणि श्वास व गिळण्याच्या तक्रारी सोडल्यास क्वचितच जिवावर बेतते. वेळीच ओळखली तर उरलेली शक्ती दीर्घकाळ टिकवता येते.

निदानाची वाट

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची कथा येथे सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या वर्षी पोलिओ झालेला, उजव्या पायात कॅलिपर, पण तीस वर्षे रोज डोंबिवलीहून लोकलने शाखेत येणारा आणि रोखपालाच्या खिडकीवर दिवसभर हसतमुख असणारा हा गृहस्थ. पन्नाशी उलटल्यावर त्याचा डावा, म्हणजे भरवशाचा पाय जिन्यावर थरथरू लागला. एकाने गुडघ्याचे औषध दिले, दुसऱ्याने कमरेचा एमआरआय काढला, तिसऱ्याने रोज पाच किलोमीटर चालण्याचा सल्ला दिला. आयुष्यभर आज्ञाधारकपणे व्यायाम केलेला तो माणूस चालू लागला, आणि चार महिन्यांत स्टेशनचा पूलही त्याला चढवेना. अखेर एका पुनर्वसनतज्ज्ञाने आजच्या तक्रारींआधी त्याच्या बालपणाची चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. चालणे कमी केले, जुने लोखंडी कॅलिपर बदलून हलके घेतले, डाव्या पायालाही आधार दिला, हातात काठी आली. वर्षभरात त्याची घसरण थांबली. पाय पूर्वीसारखा झाला नाही, पण निवृत्तीपर्यंतची नोकरी त्याने आपल्या खुर्चीवर बसून सन्मानाने पूर्ण केली. सर्वांत कठीण काय गेले, असे मी विचारले असता तो म्हणाला की, पाय जाण्यापेक्षा पुन्हा काठी हाती धरणे जड गेले. लहानपणी तीच काठी टाकल्याबद्दल त्याच्या वडिलांनी पेढे वाटले होते.

या अवस्थेसाठी एकच एक रक्तचाचणी नाही. इतर कारणे एकेक करून वगळावी लागतात. थायरॉईड, मधुमेहामुळे होणारी चेतांची हानी, मणक्यांतील दाब, निद्राविकार, नैराश्य यांची तपासणी व्हावी. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते आणि तिनेही थकवा व पायांत अशक्तता येते. म्हणून बी-१२ आणि ड जीवनसत्त्व अवश्य तपासावे व कमी असल्यास भरून काढावे. पण ते भरून काढल्यावरही तक्रार राहिली तर तेथेच थांबू नये.

आणखी एक अडचण कागदपत्रांची. साठ-सत्तरच्या दशकातील कागद बहुधा कोणाकडेच नसतात. ‘ताप आला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि पाय गेला’ एवढीच आठवण अनेक घरांत असते. इंजेक्शनने चेता दुखावल्याची उदाहरणे आहेतच. परंतु पोलिओचा संसर्ग सुरू असताना स्नायूत इंजेक्शन दिल्याने त्याच पायात पक्षाघात उद्भवतो, हेही सिद्ध झालेले आहे. त्यामुळे अशी आठवण असणाऱ्यांनी ‘मला पोलिओ नव्हताच’ असे गृहीत धरू नये. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ताप कधी आला, कोणता अवयव गेला, किती दिवसांत शक्ती परतली, हे आजच लिहून ठेवावे. ही साक्ष देणारी पिढी आता आपल्यातून निघून चालली आहे.

कोणाकडे जावे? मज्जासंस्थातज्ज्ञ किंवा भौतिक चिकित्सा व पुनर्वसन या शाखेचे तज्ज्ञ हे योग्य ठिकाण. हाजी अलीची केंद्रीय संस्था आजही कार्यरत असून कॅलिपर व अन्य साधनांचे कामही तेथे चालते. दादरला गाडी बदलून महालक्ष्मी स्थानकावर उतरले की ती फार लांब नाही.

घर, दुकान आणि प्रवास

या दुर्बलतेवर रामबाण औषध नाही. पायरिडोस्टिग्मिनसारख्या काही औषधांच्या चाचण्या झाल्या, पण ठोस लाभ दिसला नाही. खरा उपचार म्हणजे शक्तीचे अंदाजपत्रक. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवायला नको. आवक मर्यादित असेल तर खर्च कोठे करावयाचा ते आधी ठरवावे लागते.

व्यायाम सोडावयाचा नाही, पण तो थकवा येण्यापूर्वी थांबवावयाचा. ज्या व्यायामाचे दुखणे वा थकवा दुसऱ्या दिवशीही उरतो, तो आपल्यासाठी अधिक झाला असे समजावे. कोमट पाण्यातील हालचाली अनेकांना मानवतात. वजन आटोक्यात ठेवणे हा दुबळ्या पायावरचा सर्वांत स्वस्त उपकार आहे. आहारात डाळी, दूध, दही, पनीर यांतून पुरेशी प्रथिने असावीत. दीर्घ उपवासात स्नायूंचीही झीज होते. म्हणून मोठी तपश्चर्या करण्यापूर्वी अशा व्यक्तीने डॉक्टरांचा व गुरुजनांचा सल्ला घ्यावा. पालीताण्याच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्यासाठी डोलीची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. डोलीत बसून गेलेल्या यात्रेकरूची यात्रा उणी ठरत नाही.

दुकानात ‘बसूनच तर असतो’ ही समजूत चुकीची आहे. गादीवरून उठणे-बसणे, माळ्यावर शिडीने चढणे, शटर ओढणे, गाठोडी सरकवणे, सणासुदीला बारा-बारा तास उभे राहणे, यांत दिवसाची सारी शक्ती संपते. जमिनीवरच्या गादीऐवजी पुरेशा उंचीची, हात असलेली खुर्ची ठेवावी. जास्त विकला जाणारा माल कमरेच्या उंचीवर आणावा. शिडी आणि शटर ही कामे पूर्णपणे दुसऱ्याकडे द्यावीत. दुपारी दुकान बंद ठेवण्याची रीत आपल्या काही पेठांत अजून टिकून आहे. तो वेळ हिशेबात न घालवता आडवे होण्यात घालवावा. थकल्यावर घेतलेल्या विश्रांतीपेक्षा थकण्यापूर्वी घेतलेली विश्रांती अधिक फळ देते.

डोंबिवली-कल्याणच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणारी पोलिओग्रस्त व्यक्ती प्रत्यक्षात अर्धी घरबंद असते. शक्य असेल तर तळमजल्यावर वा लिफ्टच्या इमारतीत जाण्याचा निर्णय पाय चालत असतानाच घ्यावा. इमारतीचा पुनर्विकास होत असेल तर आराखड्यात एक गोष्ट जरूर पाहावी. अनेक नव्या इमारतींत लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे कठड्यासह उतार हवा, हे करारनाम्यापूर्वीच सांगितलेले बरे. स्नानगृहात पकडण्यासाठी दांडा, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा मंद दिवा यांचा खर्च काही हजारांचा असतो. त्याउलट, दुबळ्या पायाचे हाड पातळ झालेले असते आणि पडल्यास ते चटकन मोडते.

लोकलमधील दिव्यांगांचा राखीव डबा, स्थानकावरील लिफ्ट, गर्दी टाळून निवडलेली वेळ यांचा संकोच न करता उपयोग करावा. काठी सामान्यतः दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. कॅलिपरची गरज असून खर्च झेपत नसेल तर जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीसारख्या संस्था आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर आणि ‘सेबी’चे माजी अध्यक्ष श्री. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था ‘जयपूर फूट’साठी विख्यात असली, तरी पोलिओग्रस्तांना कॅलिपरही विनामूल्य देते.

शस्त्रक्रियेपूर्वी एक सूचना

मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञांना पोलिओचा इतिहास स्पष्ट शब्दांत सांगावा. भुलीच्या व स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम अशा व्यक्तीवर अधिक होऊ शकतो आणि शुद्धीवर येण्यास अधिक वेळ लागू शकतो. श्वसनाची तपासणी आधीच करून घ्यावी. एका कार्डावर पोलिओचे वर्ष, बाधित अवयव, श्वसनाची तक्रार आणि चालू औषधे लिहून ते पाकिटात ठेवावे. अपघाताच्या वेळी हे कार्ड आपल्या वतीने बोलते.

कागदपत्रे आणि व्यवहार

माझ्या पूर्वीच्या व्यवसायामुळे या बाबींवर चार शब्द. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना विविध सवलती लागू होतात. अनेकांकडे तीस वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र आहे. नव्याने दुर्बलता आली असेल तर फेरतपासणी करून टक्केवारी सुधारून घ्यावी आणि ‘यूडीआयडी’ नावाचे एकसमान ओळखपत्र काढावे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-यू खाली ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना दिलेली होती. करकायद्यात बदल होत असल्याने सध्याची स्थिती आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून जाणून घ्यावी. आरोग्य विम्याच्या अर्जात पोलिओचा उल्लेख टाळू नये. लपवलेली माहिती पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरते.

हाताला दुर्बलता आली की स्वाक्षरी बदलते आणि धनादेश परत येऊ लागतात. खाते संयुक्त करून घेणे, नामनिर्देशन पूर्ण करणे, भागीदारी करारात आवश्यक ती तरतूद करणे ही कामे हात चालतो आहे तोवरच करावीत. स्वाक्षरी अशक्यच झाली तर दोन साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, अंगठ्याचा ठसा उमटवून पैसे काढण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. हा आपला हक्क आहे, बँकेची मेहेरबानी नव्हे.

कुटुंबाची भूमिका

पोलिओग्रस्तांच्या पिढीला आपण फार लहानपणी एकच पाठ शिकवला : मागे राहू नकोस, कोणाची मदत मागू नकोस. त्यांनी तो इतका मनावर घेतला की आज थकल्याचे कबूल करणेही त्यांना पराभव वाटतो. म्हणून घरच्यांनी तक्रारीची वाट पाहू नये. काका हल्ली दुपारी लवकर घरी येतात, आत्याबाई लग्नाला यायचे टाळतात, भाऊ माळ्यावरचा माल स्वतः काढत नाहीत, या गोष्टी लक्षात याव्यात आणि त्यांना आळसाचे नाव देऊ नये. ‘तू पूर्वी इतके करत होतास’ असे म्हणणे म्हणजे ज्याने दुप्पट भार वाहिला त्याच्याच पाठीवर आणखी ओझे ठेवणे होय. त्याऐवजी गाडी दारापर्यंत आणावी, समारंभात खुर्ची जवळ ठेवावी, चाकाच्या खुर्चीचा प्रस्ताव आपण होऊन आणि सहजपणे मांडावा. लांबच्या अंतरासाठी वापरलेली खुर्ची उरलेले चालणे वाचवते, आणि म्हणूनच ती वापरणारा माणूस अधिक काळ चालतो.

आपल्या परिवारात, सोसायटीत वा पेढीवर पोलिओ झालेली एक तरी व्यक्ती असेल. हा अंक मिटल्यावर तिला एक फोन करावा आणि प्रकृतीबरोबरच आणखी दोन प्रश्न विचारावेत : गेल्या दोन-तीन वर्षांत नवी अशक्तता जाणवते का, आणि झोप पुरेशी लागते का? उत्तर होकारार्थी असेल, किंवा झोपेबद्दल तक्रार असेल, तर योग्य तज्ज्ञाकडे वेळ घ्यावी आणि पहिल्या भेटीला आपण स्वतः सोबत जावे.